कागदावर चंद्रपूर, बोलण्यात चांदा

‘सबंध महाराष्ट्र’ एवढ्याच अर्थाने मराठी माणूस ‘चांद्यापासून बांद्यापर्यंत’ असे म्हणतो. यापैकी बांदा हे सिंधुदुर्ग जिल्ह्यात, गोव्याच्या वेशीवर आजही त्याच नावाने उभे आहे. चांदा मात्र जिल्ह्यांच्या यादीत सापडत नाही. १९६४ च्या सुमारास शहराचे आणि जिल्ह्याचे अधिकृत नाव चंद्रपूर झाले. त्यानंतर दोन पिढ्या वाढल्या, जिल्ह्याचे विभाजन झाले, नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पण म्हणीतला चांदा हलला नाही. गेल्या दशकात चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी राज्य सरकारने विकासाची एक विशेष योजना आखली तेव्हा तिचे नाव ‘चांदा ते बांदा’ असेच ठेवण्यात आले. सरकारने स्वतः रद्द केलेले नाव सरकारनेच वापरले आणि त्यात कोणालाही वावगे वाटले नाही.

गावांची दोन नावे असणे ही काही नवलाची गोष्ट नाही. इंग्रजी अमदानीत मुंबईचे बॉम्बे झाले, पुण्याचे पूना झाले, ठाण्याचे टाना झाले. साहेबाच्या जिभेला जे वळले ते इंग्रजी कागदावर उतरले आणि स्वातंत्र्यानंतर ती नावे क्रमाक्रमाने मूळ उच्चाराकडे आणली गेली. ‘इंग्रजी नाव परके, मराठी नाव आपले’ असा हा सरळ हिशेब आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यप्रदेशात मात्र हा हिशेब चुकतो. तेथे इंग्रजी कागदावर चढलेले नाव लोकांच्या तोंडचेच होते आणि नंतर आलेले अधिकृत नाव पोथीतले आहे. त्यामुळे अधिकृत आणि व्यवहारातले अशी जी फाळणी तेथे दिसते, ती इंग्रजी-मराठी अशी नाही.

चांदा हे नाव इंग्रजांचे नव्हे

गोंडांच्या चार राज्यांची नावे इतिहासात गढा, देवगड, खेर्ला आणि चांदा अशी येतात. अकबराच्या काळातील ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याच्या गोंड राजाचा आणि त्याच्या फौजेचा उल्लेख आहे. म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीला परवाना मिळण्याच्या आधीपासून हे नाव कागदावर आहे. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य घेतले, १८१८ मध्ये इंग्रज फौजेने किल्ला जिंकला आणि नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ मध्ये चांदा हा ब्रिटिश अमलाखालील जिल्हा झाला. इंग्रजांनी ‘चांदा’ हे नाव घडवले नाही. ते जसे ऐकले तसे त्यांनी टिपून घेतले. मूळ उच्चार आणि इंग्रजी स्पेलिंग यांत इतके थोडे अंतर असणारी गावे त्या काळच्या नकाशावर फारशी नसतील.

चंद्रपूर या नावामागेही परंपरा आहे. लोकपूर, इंदुपूर आणि चंद्रपूर अशी या नगराची प्राचीन नावे सांगितली जातात. शहराच्या स्थापनेची आख्यायिका खांडक्या बल्लाळशाह या गोंड राजाशी जोडलेली आहे. अंगावरच्या फोडांनी त्रस्त झालेल्या राजाला झरपट नदीच्या पाण्याने गुण आला, तेथे अचलेश्वराचे मंदिर उभे राहिले आणि पुढे शिकारीच्या वेळी कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. ती जागा शुभ मानून राजधानी वसवण्यात आली, असे ही कथा सांगते. सशाच्या कपाळावरचा तो चंद्र आणि गावाचे नाव यांचा संबंध अनेक जण जोडतात. आख्यायिकेला पुराव्याचे बंधन नसते. एवढे खरे की, चंद्र आणि चांद हे एकाच घराण्यातले शब्द आहेत, आणि पुस्तकी भाषा पहिला तर बोली दुसरा पसंत करते.

नावातील हा बदल छापील ग्रंथांतही पाहता येतो. मध्य प्रांताच्या जिल्हा गॅझेटियर मालेतील १९०९ चा खंड ‘चांदा’ नावाने निघाला. महाराष्ट्र राज्याच्या गॅझेटियरची १९७३ ची सुधारित आवृत्ती ‘चंद्रपूर’ नावाने आली. ग्रंथालयातील इंग्रजी सूचीत या जिल्ह्याविषयी शोध घेणाऱ्या अभ्यासकाला म्हणूनच दोन अक्षरनोंदी पाहाव्या लागतात. १८५७-५८ च्या उठावातील बाबुराव पुल्लेसुरबापू शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी दिली गेली ती तत्कालीन कागदपत्रांप्रमाणे चांद्याच्या तुरुंगात. त्यांचा शोध ‘चंद्रपूर’ या शब्दाने घेणाऱ्याच्या हाती त्या काळचा एकही कागद लागायचा नाही.

चांदा जेथे शिल्लक आहे

राज्य सरकारच्या राजपत्रातून नाव बदलले तरी ज्या खात्यांची स्वतःची यादी असते, तेथे ते आपोआप बदलत नाही. रेल्वे हे त्याचे ठळक उदाहरण. दिल्ली-चेन्नई मार्गावरील मध्य रेल्वेच्या मुख्य स्थानकाचे नाव चंद्रपूर झाले, मात्र त्याचा सांकेतिक कोड ‘सीडी’ असाच राहिला. ही चांद्याची आद्याक्षरे तिकिटावर आजही छापली जातात. शहरातील दुसरे स्थानक गोंदियाकडून येणाऱ्या मार्गावर आहे. एकेकाळी नॅरोगेज असलेला हा मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला, पण स्थानकाचे नाव ‘चांदा फोर्ट’ असेच आहे. ते दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या अखत्यारीत येते. एकाच शहरात दोन स्थानके, दोन नावे आणि दोन रेल्वे झोन. (गंमत अशी की, दोन्ही झोनची संबंधित विभागीय कार्यालये नागपुरातच आहेत.) परगावच्या माणसाला चांदा फोर्ट म्हणजे एखादा निर्जन किल्ला वाटतो, प्रत्यक्षात ते गजबजलेल्या शहराचे स्थानक आहे आणि जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर या वेशी असलेला परकोट त्याच शहराभोवती आहे.

वनखात्याने तर हे नाव अधिक निगुतीने जपले. चंद्रपूर वनवृत्तात ‘चंद्रपूर वनविभाग’ आहे, ‘ब्रह्मपुरी वनविभाग’ आहे आणि ‘मध्य चांदा वनविभाग’ही आहे. एकाच वृत्तात शहराची दोन्ही नावे दोन निरनिराळ्या कार्यालयांच्या पाट्यांवर नांदतात. याला केवळ सरकारी आळस म्हणता येणार नाही. वनविभागांच्या कार्य आयोजना, कूप आणि कक्षांचे क्रमांक, हद्दीचे नकाशे हे शंभर वर्षांहून जुन्या अभिलेखांना धरून चालतात. नाव बदलले की त्या साखळीतील प्रत्येक कडी पुन्हा जोडावी लागते. जुने नाव ठेवणे हेच तेथे सोयीचे ठरले.

लाकडाच्या व्यापाराचेही तसेच. या भागातील सागवान देशभर ‘सीपी टीक’ म्हणून ओळखला जातो. ‘सीपी’ म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मध्य प्रांत. तो प्रांत १९५० साली नावानिशी संपला. वखारीतल्या बोलण्यात तो अजून जिवंत आहे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी येथून सागाचे लाकूड रवाना झाले, तेव्हा कोणी त्याला चंद्रपूरचा म्हटले, कोणी बल्लारशाचा, तर कोणी आलापल्लीचा. जंगलाच्या दृष्टीने तिन्ही नावे जवळपासचीच होती. इंग्रजी बातम्या वाचणाऱ्या परप्रांतीयाला मात्र ती तीन वेगळी ठिकाणे वाटली असतील.

एक गाव, चार पाट्या

नावांचा सर्वाधिक गुंता चंद्रपूरच्या वायव्येला, भद्रावतीत आढळतो. नगरपालिका आणि तालुका भद्रावती या नावाचे. रेल्वे स्थानक भांदक. तेथील संरक्षण सामग्रीचा कारखाना ‘ऑर्डनन्स फॅक्टरी चांदा’. जिल्हा चंद्रपूर. नोकरीच्या नेमणुकीचे पत्र घेऊन या कारखान्यात प्रथमच येणाऱ्या तरुणाने पत्रावरचे ‘चांदा’ प्रमाण मानले तर तो चांदा फोर्टला उतरेल आणि मुक्कामाच्या ठिकाणापासून सुमारे पंचवीस किलोमीटर दूर जाऊन पडेल. जिल्ह्याचे नाव बदलण्याच्या त्याच दशकात उभा राहिलेला हा कारखाना चांदा हेच नाव लावतो. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला, तरी नावातला चांदा कायम राहिला.

भांदक हे नाव अर्थातच बोलीतले आणि जुने. विजासनची लेणी, जैनांचे पार्श्वनाथ तीर्थ यांमुळे या गावाकडे संशोधकांचे लक्ष फार पूर्वी गेले. ह्युएन त्संगच्या प्रवासवर्णनातील कोसल देशाची राजधानी ती हीच असावी, असे मत काही जुन्या संशोधकांनी मांडले होते. दुसरीकडे जैमिनी अश्वमेधातील युवनाश्व राजाची भद्रावती नगरी ती हीच, अशी स्थानिक श्रद्धा आहे. गावाला नवे अधिकृत नाव देताना या श्रद्धेचा मान राखला गेला. त्याचा एक दुष्परिणाम झाला तो असा, की कर्नाटकात पोलाद कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेले दुसरे भद्रावती आधीपासूनच होते. भांदक मात्र देशात बहुधा एकच.

असाच प्रकार खुद्द चंद्रपूरच्या बाबतीतही झाला आहे. झारखंडमध्ये बोकारो जिल्ह्यात चंद्रपुरा नावाचे गाव आहे. इंग्रजीत दोन्ही नावांत केवळ एका शेवटच्या ‘ए’चा फरक, आणि दोन्हीकडे औष्णिक वीज केंद्र! ऊर्जाक्षेत्राचे इंग्रजी अहवाल वाचताना महानिर्मितीचे चंद्रपूर कोणते आणि दामोदर खोरे महामंडळाचे चंद्रपुरा कोणते, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. चांदा या नावाने हा घोटाळा झाला नसता.

बल्लारपूरचा ‘ह’

चंद्रपूरच्या दक्षिणेला, वर्धा नदीच्या काठी बल्लारपूर आहे. चांद्याच्या आधी गोंड राजांची राजधानी येथे होती आणि गावाचे नाव त्याच बल्लाळशाह राजावरून आले आहे. नगरपालिका आणि तालुका बल्लारपूर, १९४५ मध्ये स्थापन झालेली कागद गिरणीही बल्लारपूर या नावाची. लोकांच्या बोलण्यात मात्र सर्रास ‘बल्लारशा’. आणि रेल्वेच्या फलकावर ‘बल्हारशाह’.

हे तिसरे नाव रेल्वेनेच रूढ केले. १९२९ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने काझीपेठ ते बल्हारशाह हा दुवा पूर्ण केला आणि दिल्लीकडून मद्रासकडे जाणारा सलग मार्ग तयार झाला. उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावर हे स्थानक आले, गाड्यांच्या वेळापत्रकांत त्याचे नाव देशभर छापले गेले, आणि ‘ल्ल’चा ‘ल्ह’ झाला तो कायमचा. आजही मध्य रेल्वेची हद्द येथे संपते आणि पुढे दक्षिण मध्य रेल्वे सुरू होते. रात्री-अपरात्री गाडी थांबल्यावर ‘बल्हारशाह’ हे नाव वाचणारे लाखो प्रवासी आहेत. त्यांतील फार थोड्यांना आपण बल्लारपूर नावाच्या गावी उभे आहोत याची जाणीव असते. स्थानकाचा कोड ‘बीपीक्यू’ आहे. त्यातला ‘पी’ पाहिला की कोड देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बल्लारपूरच असावे असे वाटते.

नावांच्या तीन पातळ्या येथे एकमेकींवर रचल्या गेल्या आहेत. राजाचे नाव जपले ते बोलीने आणि रेल्वेने. ‘पूर’ हा प्रत्यय लावून ते नागरी केले ते नगरपालिकेने. शुद्धाशुद्धतेचा निवाडा करायचाच झाला तर तिन्ही नावे आपापल्या जागी शुद्ध आहेत.

वडसा आणि देसाईगंज

गडचिरोली जिल्ह्याची स्थापना २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनातून झाली. वर्षानुवर्षे या जिल्ह्याला रेल्वे म्हणून जे काही ठाऊक होते ते एकाच स्थानकामुळे, आणि ते म्हणजे वडसा. नगरपालिका देसाईगंज, तालुका देसाईगंज. जनगणनेच्या तक्त्यात ‘देसाईगंज’ लिहून कंसात ‘वडसा’ देण्याची वेळ आली, यावरूनच कोणते नाव कोणाला सांभाळून घेत आहे ते कळते. वनविभाग वडसा, रेल्वेमार्गाचा प्रकल्पही ‘वडसा-गडचिरोली’. वैनगंगेच्या पट्ट्यातील कोणत्याही बाजारात देसाईगंजला जायचे आहे असे सांगितले तर ऐकणारा क्षणभर थबकून ‘म्हणजे वडसा ना?’ असे विचारतो.

रेल्वेच्या आरक्षण यंत्रणेत देसाईगंज असे टंकित केल्यास स्थानक सापडण्याची आशा धरू नये. गडचिरोलीला प्रथमच बदली झालेला शिक्षक किंवा डॉक्टर जिल्ह्याचे नाव टाकतो, ते सापडत नाही. मग तालुक्याचे नाव टाकतो, तेही सापडत नाही. शेवटी कोणीतरी माहीतगार वडसा हे नाव सांगतो. इंग्रजीत त्याचेही दोन अवतार आहेत. रेल्वे ‘डब्ल्यू’ने सुरुवात करते, जनगणना ‘व्ही’ने.

‘ड’ लिहायचा कसा?

हा ‘डब्ल्यू’ आणि ‘व्ही’चा वाद किरकोळ वाटला तरी या दोन जिल्ह्यांतील निम्म्या नावांना तो चिकटलेला आहे. वरोरा, वडसा, वैरागड ही नावे जुन्या इंग्रजी दप्तरात ‘डब्ल्यू’ने येतात. सावली या गावाच्या बाबतीत ‘व’ अजिबातच गळला आणि इंग्रजीत ‘एस, ए, ओ, एल, आय’ अशी अक्षरे उरली. परका वाचणारा ते साओली असे वाचतो. झाडाची सावली त्याच्या ध्यानीही येत नाही.

त्याहून मोठा प्रश्न ‘ड’चा आहे. मध्य प्रांताचा कारभार नागपुरातून चाले आणि त्यात हिंदी व मराठी असे दोन्ही भाषक प्रदेश होते. हिंदीतील नुक्त्याचा ‘ड़’ इंग्रजीत ‘आर’ने लिहिण्याची प्रथा होती. तीच फूटपट्टी मराठी गावांनाही लावण्यात आली. इम्पीरियल गॅझेटियरमध्ये गडचिरोलीचे स्पेलिंग ‘गऱ्हचिरोली’ असे वाचावे लागेल असे आहे, आणि वैरागडचे ‘वैरागऱ्ह’. स्वातंत्र्यानंतर महसूल खात्याने ‘डी’ स्वीकारला, रेल्वेने नाही. म्हणून नागभीडचे जंक्शन आजही ‘नागभीर’ आहे. राजुरा परिसरातील माणिकगड किल्ल्याच्या नावाचे स्थानक ‘माणिकगऱ्ह’ आहे. मूल शहराच्या स्थानकाला शेजारच्या मारोडा गावाचे नाव जोडलेले आहे आणि ते ‘मूल मारोरा’ असे लिहिले जाते. इंग्रजीतले हे ‘मूल’ परप्रांतीय ‘मल’ असे वाचतो, हा आणखी एक उपप्रकार.

स्पेलिंगचा फेरा येथेच थांबत नाही. इंग्रजी स्पेलिंगवरून हिंदी वृत्तपत्रे पुन्हा देवनागरी करतात आणि गडचिरोलीचे ‘गढ़चिरौली’ होते. नक्षलवादाच्या बातम्यांमुळे हे नाव देशाच्या पातळीवर चार दशके गाजत राहिले, त्यामुळे चुकीचे रूपच अधिक वेळा छापले गेले. मराठीभाषक पुण्या-मुंबईचा तरुणही ते हिंदी वाहिनीवर ऐकून तसेच उच्चारू लागला आहे. ताडोबाच्या पर्यटनाने मोहर्लीचे असेच काहीसे केले. इंग्रजी जाहिरातीत कधी ‘ओ, एच, ए’ तर कधी ‘ओ, एच, यू’ असे लिहिलेले ते गाव पाहुण्यांच्या तोंडी ‘मोहुर्ली’ झाले.

दक्षिणेकडे, प्राणहिता-गोदावरीच्या बाजूला, नावांचा पोतच बदलतो. आलापल्ली, एटापल्ली यांतील ‘पल्ली’ हे तेलुगू मुलखाशी असलेले नाते सांगते, तर ‘गुडा’ असा शेवट असलेली गावे गोंडी-तेलुगू सीमेवरच्या वस्त्यांची आहेत. सिरोंचा तर १८६० पासून ‘अप्पर गोदावरी’ नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्यालय होते. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडून चांद्याला जोडला गेला. गोदावरी खोऱ्यातून जलवाहतूक करण्याच्या इंग्रजांच्या स्वप्नाबरोबरच ते नावही बुडाले. आज सिरोंचात त्याची आठवण देणारी एखादी जुनी इमारत सोडली तर काहीच नाही.

नाव बदलते कसे?

केंद्रीय गृह मंत्रालयाने १९५३ मध्ये गावांच्या व शहरांच्या नामांतराबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. राज्याकडून प्रस्ताव गेल्यावर रेल्वे मंत्रालय, टपाल खाते आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांचे मत घेतले जाते. त्याच नावाचे दुसरे गाव आहे काय, हेही पाहिले जाते. त्यानंतर केंद्राची ना-हरकत आणि राज्याची अधिसूचना. राज्याचे नाव बदलण्यासाठी संसदेचा कायदा लागतो, शहरासाठी लागत नाही. मात्र ही अधिसूचना महसुली गावापुरती असते. रेल्वे स्थानक, न्यायालय, विद्यापीठ, कारखाना यांची नावे वेगळ्या मार्गाने बदलावी लागतात. १९९५ मध्ये बॉम्बेची मुंबई झाली, पण उच्च न्यायालय आणि आयआयटी यांच्या इंग्रजी नावात बॉम्बे राहिले. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झाले. तेथील रेल्वे स्थानकाच्या पाटीला त्यासाठी २०२५ पर्यंत थांबावे लागले. जगातही हेच चित्र आहे. तुर्कस्तानने २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाकडून आपले इंग्रजी नाव ‘तुर्किये’ असे करून घेतले, तरी बोलणारे जुनेच नाव बोलतात.

हे सारे पाहता चांदा फोर्ट, भांदक, वडसा, बल्हारशाह ही नावे टिकली याचे कारण साधे आहे. ती बदलण्याचा आग्रह कोणी धरला नाही. राजकीय आंदोलने मोठ्या शहरांच्या नावांसाठी होतात. जंगलातल्या स्थानकाची पाटी कोणाच्या अस्मितेला लागत नाही.

टपाल खात्याने या गोंधळावर १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोडचा उपाय काढला. चंद्रपूर ४४२४०१, गडचिरोली ४४२६०५. नाव काहीही लिहा, आकडा बरोबर असला की पत्र पोचते. पुढे वाहनांच्या क्रमांकांनीही तेच केले. एमएच-३४ म्हणजे चंद्रपूर आणि एमएच-३३ म्हणजे गडचिरोली, हे आता शाळकरी मुलांनाही पाठ असते.

जिथे आकडा पुरत नाही

मात्र एका ठिकाणी आकडा उपयोगी पडत नाही आणि नावच सिद्ध करावे लागते. अनुसूचित जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पूर्वजांचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या गोंड कुटुंबाकडे आजोबांच्या शाळेतील नोंद असते, ती ‘जिल्हा चांदा, मध्य प्रांत व वऱ्हाड’ अशी. वडिलांच्या दाखल्यावर ‘जिल्हा चंद्रपूर’ आणि मुलाच्या दाखल्यावर ‘जिल्हा गडचिरोली’. घर जागचे हललेले नाही. तीन पिढ्यांत जिल्ह्याची नावे मात्र तीन. १९७६ च्या दुरुस्ती कायद्यापूर्वी विदर्भातील कित्येक जमातींची मान्यता ठरावीक तहसिलींपुरतीच होती आणि त्यांत तत्कालीन चांदा जिल्ह्यातील गडचिरोली आणि सिरोंचा या तहसिली होत्या. त्यामुळे पूर्वज नेमक्या कोणत्या तहसिलीतले, हा प्रश्न पुष्कळ काळ केवळ भूगोलाचा नव्हता, हक्काचा होता.

राजुरा भागात हा गुंता आणखी एका पदराने वाढतो. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो प्रथम नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याकडे आला. निजामाच्या राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती, म्हणून जुना फेरफार उर्दू लिपीत. एखाद-दुसरा नुक्ता पुसट झाला की गावाचे नाव दुसरेच वाचले जाते. याच भागातील जिवती तालुक्याच्या सीमेवरची मुकदमगुडा, परमडोली, अंतापूर, महाराजगुडा आदी १४ गावे महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांच्या यादीत आहेत. तेथील अनेकांकडे दोन्हीकडची मतदार ओळखपत्रे आणि शिधापत्रिका आहेत. २०१६ मध्ये तेलंगणाने जिल्ह्यांची फेररचना केली तेव्हा या गावांचा पलीकडचा जिल्हा आदिलाबादचा कुमुरम भीम झाला. अलीकडचा चंद्रपूर तसाच राहिला. एकाच घराच्या दोन कागदांवर दोन लिपी, दोन राज्ये आणि दोन जिल्हे.

वनहक्क कायद्याने (२००६) या प्रश्नाला नवे वजन दिले. इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करायचा तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. तेवढे मागे गेले की दावेदार थेट इंग्रजी अमदानीतल्या निस्तारपत्रकांपर्यंत आणि मालगुजारीच्या कागदांपर्यंत पोचतो. त्या कागदांवर गावांच्या नावापुढे ‘चक’, ‘माल’, ‘तुकूम’, ‘रिठ’ असे शब्द लागलेले असतात. रिठ म्हणजे उजाड झालेले गाव. लोक उठून शेजारी वसले, बोलण्यात जुनेच नाव राहिले, दप्तरात मात्र रिठ वेगळे आणि वस्ती वेगळी. समितीपुढे कागद ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगता आला नाही तर दावा अडकतो.

सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या काही गावांपैकी एक गाव धानोरा तालुक्यात आहे. देशभरच्या अभ्यासकांना ते ‘मेंढा-लेखा’ म्हणून माहीत आहे. वस्तुतः गावाचे नाव केवळ मेंढा. लेखा हे शेजारचे वेगळे गाव आहे. जिल्ह्यातील इतर मेंढ्यांपासून ओळखता यावे म्हणून ते कंसात लिहिले जात असे. इंग्रजी लेखांमधून कंस गळाला, त्याच्या जागी जोडरेघ आली, आणि दोन गावांचे मिळून एक नाव झाले.